लॅपटॉपची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणता लॅपटॉप घ्यायचा हे ठरवायला लोक आठवडेच्या आठवडे घालवतात. वॉरंटी वाढवायची की नाही, हे मात्र बिल होता होता दोन मिनिटांत उरकतात. विकणाऱ्यालाही तेच सोयीचं असतं. खालचे प्रश्न त्या दोन मिनिटांच्या आधी वाचण्यासाठी आहेत.

एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली म्हणजे नेमकं काय मिळतं?

कंपनीची मूळ वॉरंटी संपली की तीच पुढे एक-दोन किंवा तीन-चार वर्षं चालू राहते, एवढंच. मूळ वॉरंटीत जे बसत नव्हतं ते वाढवलेल्या वॉरंटीतही बसत नाही. मदरबोर्ड बंद पडला, कळा चालेनाशा झाल्या, पंखा अडकला, आपोआप स्क्रीनवर रेषा आल्या, असे बिघाड तिच्यात येतात. पडणं, सांडणं, दबणं, चोरी, हरवणं येत नाही.

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. ‘वॉरंटी आहे की’ म्हणून लोक फुटलेली स्क्रीन घेऊन निर्धास्तपणे सर्व्हिस सेंटरला जातात आणि हातात खर्चाचं एस्टिमेट घेऊन परततात. पडण्या-सांडण्यासाठी वेगळा प्लॅन असतो, अ‍ॅक्सिडेंटल डॅमेज प्रोटेक्शन. विकताना दोन्हींची नावं एका दमात घेतली जातात, त्यामुळे आपण नेमकं काय विकत घेतलं हे पुष्कळांना क्लेम करायची वेळ आल्यावरच कळतं.

मूळ वॉरंटी किती असते आणि ती कधीपासून मोजतात?

घरगुती वापराच्या बहुतेक मॉडेलवर १ वर्ष. ऑफिससाठी बनवलेल्या बिझनेस मॉडेलवर अनेकदा ३ वर्षं.

कधीपासून मोजतात, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, पण विचारायला हवा. कंपनीच्या वेबसाइटवर सीरियल नंबर टाकला की वॉरंटी कोणत्या तारखेला सुरू झाली ते दिसतं. कधी कधी ती तुमच्या बिलाची तारीख नसते, माल कंपनीतून निघाला ती असते. लॅपटॉप चार महिने गोदामात पडून असेल तर तुमचे चार महिने गेले. बिल अपलोड करून ही तारीख बहुतेक वेळा दुरुस्त करून मिळते. हे पहिल्याच आठवड्यात करा. दोन वर्षांनी करायला गेलात तर बिल शोधण्यापासून तयारी.

मला सरळ उत्तर हवंय. घ्यावी की नको?

स्वतःला एक प्रश्न विचारा. तिसऱ्या वर्षी मदरबोर्ड गेला तर तुम्ही तो दुरुस्त कराल की नवीन लॅपटॉप घ्याल?

‘नवीनच घेईन’ असं उत्तर असेल, तर वाढीव वॉरंटीच्या वाटेला जाऊ नका. ‘दुरुस्तच करावा लागेल, आणि तेवढं बिल एकदम भरणं जड जाईल’ असं असेल, तर पुढे वाचा. लॅपटॉप बिघडेल का, यावर डोकं खपवण्यात अर्थ नाही. ते विकणाऱ्याला माहीत नाही, मलाही नाही. बिघडल्यावर तुम्ही काय करणार, हे मात्र तुम्हाला आजही सांगता येतं.

पैशांचा हिशेब कसा मांडायचा?

लॅपटॉपची किंमत १०० धरा. समजा, दोन वर्षांच्या वाढीव वॉरंटीला १२ मोजावे लागतात आणि मदरबोर्ड किंवा स्क्रीन बदलायचा खर्च ३५ येतो. १२ भागिले ३५ म्हणजे साधारण ३४ टक्के. त्या दोन वर्षांत असा मोठा बिघाड होण्याची शक्यता ३४ टक्क्यांच्या वर असेल, तरच सरासरीने तुमचे पैसे वसूल होतात.

हे आकडे फक्त मांडणीसाठी आहेत. तुमच्या मॉडेलचे खरे आकडे काढायला अर्धा तास पुरतो. सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि विचारा, ‘या मॉडेलचा मदरबोर्ड वॉरंटीबाहेर केवढ्याला पडतो? आणि स्क्रीन?’ खरेदीच्या आधी हा फोन कोणी करत नाही. उत्तर ऐकून काही जण वॉरंटी घेतात, तर काही जण लॅपटॉपच बदलतात.

विकणारा कोणीही असो, त्याचा नफा किमतीत धरलेलाच असतो. म्हणजे सगळ्या ग्राहकांचा मिळून विचार केला तर हा व्यवहार तोट्याचाच. तरीही एखाद्यासाठी तो शहाणपणाचा ठरू शकतो, कारण अचानक येणारा मोठा खर्च प्रत्येकाला झेपतोच असं नाही. ज्यांना झेपतो त्यांनी तेच पैसे बाजूला ठेवावेत. लॅपटॉप नीट चालला तर पुढच्या खरेदीला उपयोगी येतील.

लॅपटॉप बिघडण्याचं प्रमाण खरंच किती आहे?

नेहमी पुढे केला जाणारा आकडा स्क्वेअरट्रेड या अमेरिकन कंपनीचा आहे. २००९ साली तिने ३०,००० लॅपटॉपचा अभ्यास करून सांगितलं की ३ वर्षांत ३१ टक्के लॅपटॉप निकामी होतात, एकूण लॅपटॉपपैकी २०.४ टक्के आपोआप बिघडून आणि १०.६ टक्के अपघाताने.

आता हा आकडा जरा उलटसुलट करून पाहू. पहिली गोष्ट, ही कंपनी स्वतःच वॉरंटी विकते. दुसरी, तो फिरत्या हार्ड डिस्कचा काळ होता. आज बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते, तिच्यात फिरणारा भागच नसतो. तिसरी आणि महत्त्वाची, २०.४ टक्के हे पूर्ण ३ वर्षांचे आहेत. त्यात पहिलं वर्ष आलं, आणि ते तुम्हाला कंपनी फुकटच देते. म्हणजे वॉरंटी विकणाऱ्याच्याच आकड्याने गेलं, तरी वाढीव दोन वर्षांत बिघडण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खालीच राहतं. वरच्या हिशेबातले ३४ टक्के यापासून बरेच लांब आहेत.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बिघाडाचा एक ठरलेला आलेखही आहे. सदोष भाग सुरुवातीलाच दगा देतात, मग मधला काळ बराचसा शांत जातो, आणि पुढे झीज वाढली की बिघाड पुन्हा वाढतात. वाढीव वॉरंटी बहुतेक वेळा या शांत काळातच संपून जाते. तेव्हा नवीन लॅपटॉप पहिल्या महिन्यात जपून ठेवू नका, दामटून वापरा. प्रत्येक पोर्ट, कॅमेरा, माइक, वायफाय, प्रत्येक कळ तपासा. दोष असलाच, तर बदलून मिळण्याच्या मुदतीत बाहेर येऊ दे.

मग अपघाताचं संरक्षण तरी घ्यावं का?

माझ्या मते लॅपटॉप रोज बॅगेत घेऊन फिरणाऱ्यांना वाढीव वॉरंटीपेक्षा याचा उपयोग जास्त. घरात लहान मूल असेल, किंवा कीबोर्डशेजारी कप ठेवायची सवय सुटत नसेल, तरीही. टेबलावरून कधी न हलणाऱ्या लॅपटॉपला नको.

अटी मात्र बारकाईने वाचा. वर्षाला किती क्लेम चालतात? अनेक प्लॅनमध्ये एकच. दर क्लेमला तुम्हाला काही रक्कम भरावी लागते का? घटना किती दिवसांत कळवायची? चोरी आणि हरवणं यात सहसा नसतं, नुसते ओरखडे आणि पोचेही नसतात.

आणि पाणी सांडलं तर संरक्षण असो वा नसो, लगेच चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा आणि ‘चालू होतोय का’ हे बघायचा मोह आवरा. ओल असताना वीज खेळली की शॉर्ट होतो. वरून वाळलेला लॅपटॉप आठवडाभर बरा चालून, आतल्या गंजाने नंतर बंद पडतो असंही होतं. म्हणून चालू झाला तरी उघडून साफ करून घ्या.

बॅटरी वॉरंटीत येते का?

घोडं बहुतेक वेळा इथेच पेंड खातं. बॅटरी झिजणारा भाग समजला जातो. लॅपटॉपची वॉरंटी ३ वर्षांची असली तरी बॅटरीची अनेकदा १ वर्षाचीच असते, आणि तीही दोष असेल तरच. ‘पूर्वी सहा तास चालायची, आता तीन तासच चालते’ ही झीज, दोष नव्हे. लिथियम-आयन बॅटरी बनावटीनुसार साधारण ३०० ते १,००० पूर्ण चार्ज-डिस्चार्जनंतर ठळकपणे उतरते. अ‍ॅपलच्या अ‍ॅपलकेअर प्लस या विकत घ्यायच्या प्लॅनमध्ये मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांखाली गेलेली बॅटरी बदलून मिळते. तशी सोय तुमच्या प्लॅनमध्ये आहे का, हे शब्दांत लिहिलेलं शोधा. बिझनेस मॉडेलसाठी काही कंपन्या बॅटरीची वॉरंटी वेगळी विकतात.

बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, तर वॉरंटीचा विचार नंतर करा. आधी वापर थांबवा.

स्क्रीनवर एक काळा ठिपका दिसतोय. स्क्रीन बदलून मिळेल?

एकासाठी बहुधा नाही. पिक्सेलच्या (स्क्रीनचं चित्र बनवणाऱ्या बारीक ठिपक्यांच्या) दोषांसाठी आयएसओ ९२४१-३०७ हे मानक आहे आणि कंपन्यांची स्वतःची पिक्सेल पॉलिसी असते. ठराविक संख्येच्या वर ठिपके असतील तरच ती दोष मानतात. एकाच ठिपक्याने डोक्याला ताप होत असेल, तर दुकानाच्या बदलून देण्याच्या मुदतीत प्रयत्न करा.

कंपनीची घ्यावी, दुकानाची की विमा कंपनीची?

परवडत असेल तर कंपनीची. ती सीरियल नंबरवर नोंदली जाते, कंपनीच्या कुठल्याही अधिकृत केंद्रात दिसते आणि भागही कंपनीकडूनच येतात. नोंद झाली का, हे वेबसाइटवर स्वतः पाहा. ‘आम्ही करून देतो’ म्हणणारे विसरतातही.

दुकानाच्या किंवा वेबसाइटच्या प्लॅनमागे बहुतेक वेळा तिसरीच कंपनी असते. कागदावर जबाबदारी कोणाच्या नावावर आहे ते बघा, कारण क्लेमच्या वेळी दुकानदार तिच्याकडेच बोट दाखवणार. अशा प्लॅनमध्ये दोन कलमं हमखास शोधा. एक, घसारा: दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लॅपटॉपची किंमत ते किती धरतात आणि त्याहून जास्त खर्च आला तर काय. दोन, पैसे आधी तुम्ही भरायचे आणि मग मागायचे, की ते परस्पर देतात. परतफेडीच्या प्लॅनमध्ये कागदपत्रांचे हेलपाटे ठरलेले.

ऑनसाइट सेवा (तंत्रज्ञ तुमच्याकडे येऊन दुरुस्त करतो ती) म्हणजे दुसऱ्या दिवशी लॅपटॉप दुरुस्त?

नाही. आधी फोनवर किंवा चॅटवर निदान होतं, तुमच्याकडून दोन-चार चाचण्या करून घेतात. मग भाग मागवतात. ‘पुढचा कामाचा दिवस’ हा त्यानंतर, आणि भाग हाताशी असला तर. तरीही ज्यांचं पोट एकाच लॅपटॉपवर आहे त्यांना हा पर्याय केंद्रात खेटे घालण्यापेक्षा बरा. केंद्रात दिलेला लॅपटॉप भागाची वाट पाहत दोन-तीन आठवडे अडकणं काही विशेष नाही, आणि तेवढ्या काळासाठी दुसरा लॅपटॉप सहसा कोणी देत नाही.

क्लेम नाकारतात तो कशावरून?

दोन कारणं पुन्हा पुन्हा येतात, लिक्विड डॅमेज आणि फिजिकल डॅमेज.

लिक्विडचं सोपं आहे. तंत्रज्ञ मागचं झाकण उघडतो आणि टॉर्च मारून काही ठराविक जागा बघतो. अनेक लॅपटॉपमध्ये तिथे नखाएवढे पांढरे स्टिकर असतात, ओल लागली की ते लाल-गुलाबी होतात. स्टिकर लाल दिसला किंवा कनेक्टरवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी जमा दिसली, की तो फोटो काढतो आणि वॉरंटी तिथेच थांबते. ‘पण माझ्याकडून काही सांडलंच नाही’ याला पुरावा नसतो.

फिजिकल डॅमेजमध्ये सगळ्यात जास्त वाद हिंजचा, म्हणजे झाकणाच्या बिजागरीचा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये स्क्रीनची हिंज प्लास्टिकच्या बुंध्यात बसवलेल्या पितळी नटांवर तोललेली असते. हिंज घट्ट होत जाते, प्लास्टिक ताण सोसत राहतं, आणि एक दिवस झाकण उघडताना कोपऱ्यातून टक् आवाज येतो. नट प्लास्टिकसकट उपटून येतात, स्क्रीनची चौकट उकलते. वापरणारा म्हणतो, मी नेहमीसारखाच उघडला. केंद्र म्हणतं, तुटलंय म्हणजे फिजिकल डॅमेज. यावर उपाय एकच, तुटायच्या आधी जा. झाकण उघडताना खालचा भागही उचलला जायला लागला, किंवा चौकटीत बारीक फट दिसली, की व्हिडिओ काढा आणि तक्रार नोंदवा. तक्रारीची तारीख तुटण्याच्या आधीची असली की बोलायला जागा राहते.

लॅपटॉप जमा करताना मिळणारी जॉबशीट सही करायच्या आधी वाचा. ‘बॉडीवर ओरखडे, कोपरा दबलेला’ असं लिहिलेलं असतं. ते खरं असेल तर ठीक. नसेल तर तिथल्या तिथे खोडायला लावा, आणि देण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

मी स्वतः रॅम किंवा एसएसडी बदलली तर वॉरंटी जाते का?

मॉडेलवर आणि देशाच्या कायद्यावर अवलंबून आहे. काही कंपन्या स्वतःच्या मॅन्युअलमध्येच रॅम कशी बदलायची ते चित्रांसह देतात. तिथे नुसतं झाकण उघडल्याने वॉरंटी जात नाही, मात्र उघडताना काही मोडलं तर ते तुमच्या गळ्यात. अमेरिकेत १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे ‘आमचेच भाग, आमचीच दुरुस्ती, नाहीतर वॉरंटी रद्द’ अशी अट सरसकट घालता येत नाही, आणि २०१८मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा अटींवरून काही कंपन्यांना ताकीदही दिली. इतरत्र चॅटवर विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. जुने भाग फेकू नका. लॅपटॉप केंद्रात देताना तेच परत बसवून दिलेत, तर वादाला तोंडच फुटत नाही.

एक आडवा मुद्दा. रॅम आणि एसएसडी बदलता येणाऱ्या लॅपटॉपला वाढीव वॉरंटीची गरज मुळातच कमी. सगळं मदरबोर्डवर सोल्डर केलेल्या पातळ मॉडेलमध्ये एक चिप गेली तरी अख्खा बोर्ड बदलतात.

वॉरंटीत डेटा परत मिळतो का?

नाही. बोर्ड किंवा एसएसडी बदलली तर डेटा गेला असं समजा. बॅकअपला पर्याय नाही.

खरेदीच्या वेळीच घ्यावी लागते का?

बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत वाढवून देतात. म्हणजे तुम्ही दहा-अकरा महिने लॅपटॉप वापरून, त्याचा स्वभाव ओळखून ठरवू शकता. या काळात दोनदा सर्व्हिस सेंटर गाठावं लागलं असेल तर घ्या, तक्रार नसेल तर सोडा. ‘ही ऑफर आजच आहे’ याचा दबाव घेऊ नका, कंपनीच्या वेबसाइटवर सवलती येत-जात असतात. तारीख मात्र फोनमध्ये टाकून ठेवा. एकदा वॉरंटी संपली की काही कंपन्या वाढवतच नाहीत, आणि ज्या वाढवतात त्या आधी तपासणी मागतात.

अपघाती संरक्षण याला अपवाद. ते बऱ्याचदा खरेदीनंतर थोड्याच दिवसांत घ्यावं लागतं. अ‍ॅपलकेअर प्लससाठी अनेक देशांत ६० दिवसांची मुदत आहे.

मला आधीच कुठून संरक्षण मिळत असेल का?

शक्यता आहे. युरोपीय संघात विक्रेत्यावर किमान २ वर्षांची कायदेशीर हमी असते, तीही वेगळे पैसे न घेता. तिथे एका वर्षाची वाढीव वॉरंटी घेणं म्हणजे हक्काचीच गोष्ट विकत घेणं. काही क्रेडिट कार्डं कंपनीची वॉरंटी संपल्यावर आणखी काही काळ खर्च उचलतात. घराच्या विम्यातही कधी कधी लॅपटॉप येतो. पैसे देण्याआधी ही तीन ठिकाणं चाळा.

तीन वर्षांची घेऊ की पाच?

तीनच्या पुढे मी तरी जाणार नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी लॅपटॉपची बाजारातली किंमतच इतकी उतरते की ती वाचवण्यासाठी पैसे भरण्यात हशील नाही. शिवाय हार्डवेअर धडधाकट असूनही लॅपटॉप म्हातारा होतो. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप किंवा मान्य प्रोसेसर नसलेल्या कितीतरी चालत्या मशिनना विंडोज ११ अधिकृतपणे घेताच येत नाही. अशा वेळी कोणतीही वॉरंटी कामी येत नाही.

लॅपटॉप विकला किंवा परदेशात नेला तर?

कंपनीची वॉरंटी सहसा सीरियल नंबरबरोबर नव्या मालकाकडे जाते, दुकानाची अनेकदा जात नाही. परदेशासाठी आंतरराष्ट्रीय वॉरंटी आहे का ते आधी पाहा. असली तरी कीबोर्डसारखे भाग तिकडे मिळतीलच असं नाही.

वॉरंटी संपल्यावर बिघडला, म्हणजे सगळं संपलं?

थांबा. एकाच मॉडेलमध्ये तोच दोष पुष्कळांना आला तर कंपनी कधी कधी फुकट दुरुस्ती जाहीर करते. अ‍ॅपलने मॅकबुकच्या बटरफ्लाय नावाच्या कीबोर्डसाठी जून २०१८मध्ये असा कार्यक्रम सुरू केला आणि खरेदीपासून ४ वर्षांपर्यंत दुरुस्ती दिली. २००६मध्ये डेलने सोनीच्या बनावटीच्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. म्हणून पैसे भरण्याआधी मॉडेलचं नाव आणि बिघाड टाकून शोध घ्या. नुकतीच संपली असेल तर विनंतीही करून पाहा. लेखी, नम्र आणि आधीच्या तक्रारींच्या तारखांसह केलेली विनंती कधी कधी मान्य होते.

घेतली. आता काय?

बिल आणि प्लॅनची प्रत मेलवर स्वतःलाच पाठवा, छापील बिलाची शाई दोन वर्षांत उडते. सीरियल नंबरचा फोटो काढा, लॅपटॉप चालूच होईना तेव्हा तो हवा असतो. प्लॅन रद्द करून पैसे परत घ्यायची मुदत किती आहे ते बघा.

आणि मुदत संपायच्या महिनाभर आधी एक संध्याकाळ काढा. सगळे पोर्ट, सगळ्या कळा, दोन्ही स्पीकर, कॅमेरा, हिंज, पंख्याचा आवाज, चार्जरची पिन, सगळं पुन्हा तपासा. ‘चालतंय की’ म्हणून वर्षभर सोडून दिलेला ढिला यूएसबी पोर्टही तेव्हाच नोंदवा. तक्रार मुदतीत नोंदलेली असली, तर भाग यायला उशीर झाला तरी दुरुस्ती वॉरंटीतच धरतात. तक्रार क्रमांक तेवढा लिहून घ्या.